नरसीचं टॉप सीक्रेट

प्रत्येक ऑफिसच्या लंच टेबलवर असा एक कलीग असतोच. रात्रभर जागून जाडजूड थ्रिलर संपवलेलं असतं आणि डबा उघडता उघडता साहेब जाहीर करतात, "अरे, हे सगळं खरंय! पहिल्याच पानावर लिहिलंय."

लिहिलेलं असतं, हे मात्र खरं. डॅन ब्राऊनच्या 'द दा विंची कोड'मध्ये (२००३) गोष्ट सुरू होण्याआधी 'फॅक्ट' असं चक्क एक पान आहे. 'प्रायरी ऑफ सायन' ही १०९९ मध्ये स्थापन झालेली गुप्त संघटना खरीखुरी आहे, असं ते सांगतं. प्रत्यक्षात ती १९५६ मध्ये फ्रान्समध्ये पिएर प्लांतार आणि मंडळींनी काढली. तिचा जुना इतिहास 'सिद्ध' करणारे बनावट कागद पुढे पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात नेऊन ठेवले गेले. लायब्ररीत सापडलं म्हणजे खरंच असणार, नाही का? २००६ मध्ये सिनेमा आला, तेव्हा आपल्या सेन्सॉर बोर्डाला 'हे काल्पनिक आहे' अशी पाटी लावायला सांगावं लागलं. गोव्यासह काही राज्यांनी तर बंदीच घातली.

यामागचा फंडा कळायला एक थ्रिलर आपणच शिजवू या. लोकेशन : हिंगोली जिल्ह्यातलं नरसी नामदेव. संत नामदेवांचा जन्म परंपरेनुसार इथला, १२७० चा. त्याच जिल्ह्यात औंढा नागनाथ. नामदेवांना देवळासमोर कीर्तन करू दिलं नाही, ते मागच्या बाजूला गेले आणि अख्खं देऊळच त्यांच्याकडे फिरलं, अशी आख्यायिका. नंदी तिथे खरोखरच देवळाच्या मागे आहे! शिवाय पंजाबात गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदं. तिथल्याच घुमान गावी, नामदेवांच्या कर्मभूमीत, २०१५ मध्ये मराठी साहित्य संमेलनही भरलं.

आता फक्त एक थाप मिसळा : त्या ६१ पदांत देवळाखालच्या खजिन्याचा नकाशा लपलाय. झालं पुस्तक तयार! वाचक नंदी तपासतो, ६१ चा आकडा तपासतो, सगळं जुळतं. मग नकाशा न तपासताच पास.

यात बिघडलं काय? आपल्याकडे खजिन्याची थाप पुस्तकापुरती राहत नाही, बॉस. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनाच्या शोधासाठी होणाऱ्या अमानुष कृत्यांचा आणि नरबळीचा स्पष्ट उल्लेख करावा लागला, तो उगाच नाही.

औंढ्याची गोष्ट ऐकणारा वारकरी मात्र दगडांचे सांधे तपासत बसत नाही. ज्याला मागे ढकललं, देव त्याच्याकडेच वळला, एवढं त्याला पुरतं. गोष्ट ही गोष्ट आहे, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. एमबीए झालेल्या आपल्या कलीगला ते सांगावं लागतं.

तेव्हा थ्रिलर बिनधास्त वाचा, रात्र जागवा. फक्त जिच्याशिवाय कथा एक पाऊलही पुढे सरकणार नाही, ती एक गोष्ट आधी तपासा. थाप बहुतेक वेळा तिथेच बसलेली असते.