धडधड नको, शब्द हवेत!

परवा आम्ही शिरूरहून दौंडला जीपने निघालो. वामनदादा कर्डकांचे गीत लागले होते. पण शब्द एकही कळेना, नुसती धडधड! चालक बंधूने उसनवारी करून सबवूफर बसवला होता.

वाचकहो, पैसे मोजण्यापूर्वी एवढे पाहा. खोक्यावरच्या मोठ्या आकड्याला भुलू नका, 'आरएमएस' वॅट विचारा. ॲम्प्लिफायर त्याला जुळणारा घ्या. भोकाची पेटी आवाज वाढवते, बंद पेटीचा खर्ज स्वच्छ येतो. सबवूफरकडे साधारण ८० हर्ट्झच्या खालचाच आवाज सोडा. बॅटरीजवळ फ्यूज हवाच.

न्हावऱ्याजवळ आम्ही त्या बंधूला खर्ज कमी करायला लावला. मागे बसलेली आजी लगेच गाण्याबरोबर गुणगुणू लागली. खर्ज गीताला आधार देण्यासाठी असतो, गिळण्यासाठी नव्हे!