डोळ्यांतील पाणी आणि डोळ्यांतील कोरड



घरात एखादे माणूस वर्षानुवर्षे मधुमेहाने किंवा संधिवाताने आजारी असले म्हणजे त्याच्या साखरेकडे आणि सांध्यांकडे सर्वांचे लक्ष असते. डोळ्यांच्या लहानसहान तक्रारीकडे मात्र कोणी पाहत नाही. डोळे चुरचुरतात, सकाळी पापण्या चिकटतात, वाऱ्यावर गेले की पाणी वाहते. घरची मंडळी म्हणतात, ‘वयपरत्वे व्हायचेच.’ या समजुतीमुळे कित्येकांच्या दृष्टीचे नुकसान होते, म्हणून आज या विषयास हात घातला आहे.

अश्रू म्हणजे नुसते पाणी नव्हे. डोळ्यावर त्याचे पातळ आवरण असते: तळाशी बुळबुळीत थर, मध्ये पाणी आणि वर तेलाचा पातळ पापुद्रा. हे तेल पापण्यांच्या कडांतील सूक्ष्म ग्रंथींतून पाझरते. ते कमी पडले की पाणी लवकर सुकते आणि डोळा झोंबू लागतो. मग त्या झोंबण्यास उत्तर म्हणून अश्रुग्रंथी एकदम पुष्कळ पाणी सोडते. त्यामुळे ज्याच्या डोळ्यांतून सारखे पाणी गळते, त्याचा डोळा मुळात कोरडा असण्याचा संभव असतो.

सुरतेस पोटासाठी गेलेल्या आपल्या खानदेशी कुटुंबांत ही तक्रार का वाढावी, हे समजण्यासारखे आहे. उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत राहणारे कोणी यंत्रमागावर उभे असतात, कोणी हिऱ्यास पैलू पाडतात. पुष्कळ स्त्रिया घरबसल्या साड्यांवर खडे व टिकल्या लावतात. स्वस्थ बसलेला मनुष्य मिनिटास सुमारे १५ वेळा पापण्या मिटतो. बारीक कामात नजर खिळली की हे प्रमाण पुष्कळच घटते. त्यात पंख्याचा वारा आणि कापसाची धूळ. त्याच माणसास जुना आजार असेल, तर दोन्हींचा भार डोळ्यांवर पडतो.

आजारपरत्वे धोका निराळा असतो. दीर्घकाळच्या मधुमेहात बुबुळावरील पारदर्शक पटलाची संवेदना मंदावते. डोळा कोरडा पडून त्यावर जखम झाली तरी रोग्यास ती फारशी जाणवत नाही. ‘दुखत नाही, म्हणजे ठीक आहे’ हा हिशेब येथे चुकतो. थायरॉइडच्या एका विकारात डोळे पुढे येतात. चेहऱ्याच्या लकव्यात किंवा कुष्ठरोगात पापण्या पुरत्या मिटत नाहीत. सर्दीच्या, झोपेच्या व मनाच्या विकारांवरील काही औषधांनीही अश्रू आटतात. मात्र ती औषधे आपल्या मनाने थांबवू नयेत, डॉक्टरांस विचारावे.

संधिवाताशी तर या कोरडेपणाचे जुने नाते आहे. स्वीडनमधील डॉ. हेन्रिक श्योग्रेन यांनी १९३३ साली आपल्या प्रबंधात अशा १९ स्त्रियांची हकिगत दिली; त्यांपैकी १३ जणींचे सांधे दुखत होते. या विकारात शरीराची संरक्षक शक्तीच अश्रूंच्या व लाळेच्या ग्रंथींवर उलटते. तोंड इतके सुकते की कोरडी भाकरी पाण्याच्या घोटावाचून गिळवत नाही. अशा बाईस दुःखाच्या प्रसंगीही रडू फुटले तरी अश्रू येत नाहीत. मयताच्या घरी तिचे कोरडे डोळे पाहून ‘हिला काळीज नाही’ असे कोणी बोलू नये. तिला दुःख असते. अश्रू मात्र रोगाने नेलेले असतात.

उपाय साधे आहेत, पण नित्यनेमाने करावयाचे आहेत. स्वच्छ फडके कोमट पाण्यात पिळून रोज पाच-दहा मिनिटे मिटलेल्या पापण्यांवर ठेवावे, नंतर पापण्यांच्या कडा हलक्या हाताने चोळाव्या. त्याने साकळलेले तेल सुटते. ज्याच्या हाताची संवेदना गेली आहे, त्याच्यासाठी पाण्याची ऊब दुसऱ्याने पाहावी. काम करताना मधूनमधून नजर दूर न्यावी व पापण्या पूर्ण मिटाव्या. पंख्याचा झोत तोंडावर घेऊ नये. चुलीचा धूर आणि विडी टाळावी. कृत्रिम अश्रूंचे थेंब डॉक्टरांच्या सल्ल्याने घालावे. दिवसातून चारांहून अधिक वेळा लागत असल्यास टिकाऊ द्रव्य न घातलेले थेंब मागावे.

मध, गुलाबपाणी किंवा अंगावरचे दूध डोळ्यांत घालू नये. दुकानातून ‘लाली जाण्याचे’ थेंब मागून आणणे तर फारच घातक! त्यांत स्टेरॉइड असल्यास आज आराम वाटतो, पण दीर्घ वापराने काचबिंदू व मोतीबिंदू होऊ शकतात.

डोळा दुखू लागला, उजेड सहन होईना, दिसणे अंधुक झाले, बुबुळावर पांढरा ठिपका दिसला किंवा एकाच डोळ्यातून पाणी व पू येऊ लागला, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा. सुरतेत सरकारी वैद्यकीय महाविद्यालयास जोडलेले न्यू सिव्हिल रुग्णालय मजुरा गेटपाशी आहे. तेथे जाताना चालू असलेल्या सर्व औषधांची चिठ्ठी सोबत न्यावी. डोळ्यांची तक्रार नसली तरी मधुमेह्याने वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा तपासून घ्यावा.

जुन्या आजाराचा माणूस आपल्या बारीकसारीक तक्रारी सांगण्यास संकोचतो. घरच्यांवर आपला भार नको, असे त्यास वाटते. तेव्हा आपणच आठवड्यातून एकदा त्यास उजेडात बसवून विचारावे, ‘डोळे कसे आहेत?’ थेंब घालताना त्याचा हात थरथरत असेल, तर ते काम घरातील एखाद्या मोठ्या मुलाने किंवा मुलीने हात धुऊन करावे.