राखणदाराची राखण

बँकेत कर्ज मागायला आलेल्या माणसाला मी आधी एकच विचारायचो, हप्ता कोण भरणार? हल्ली ओळखीत कुणी राखणीला ग्रेट डेन किंवा मॅस्टिफ आणायचं म्हटलं, की तोच प्रश्न माझ्या तोंडी येतो.

बंगल्याला राखण हवी, हे मान्य. पण ग्रेट डेनचं पिल्लू दीडेक वर्षात ५० किलोच्या आसपास जातं. साखळी आजोबांच्या हाती असेल, तर कोण कुणाला फिरवतंय, हे साऱ्या गल्लीला दिसतं. या कुत्र्यांच्या पोटाला फुगून पीळ पडला, तर काही तासांत जीव जाऊ शकतो. म्हणून जेवण दोन-तीनदा विभागून द्यायचं. सेंट बर्नार्ड तर आल्प्सच्या बर्फातला. नागपूरच्या मे महिन्यात त्याला अंगणात ठेवणं ही राखण नव्हे, शिक्षा आहे.

शिवाय दिवसभर फाटकाशी बांधलेला कुत्रा राखणदार होत नाही, चिडका होतो. पाहुणा कोण आणि चोर कोण, हे त्याला माणसांत राहूनच उमगतं.

सगळ्यांत जड हप्ता शेवटचा. या थोराड जाती साधारण ७ ते १० वर्षं जगतात. पहिलीतल्या मुलाने हट्टाने आणवलेलं पिल्लू त्याच्या दहावीआधीच म्हातारं होतं. तेव्हा त्याला उचलून पायऱ्या उतरवणारे हात घरात असतील का? असतील, तर जरूर आणा. नसतील, तर फाटकाला चांगलं कुलूप लावा. कुलूप कुणाची वाट पाहत बसत नाही.