विश्लेषण : मासे संपले की सावध झाले? अमेरिकेतील ‘स्ट्राइप्ड बास’चे कोडे

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील हौशी मासेमारांचा लाडका मासा म्हणजे स्ट्राइप्ड बास. त्याच्या मासेमारीवर सध्या कडक निर्बंध आहेत. पण गळाला किती मासे लागले, एवढ्यावरून साठा किती उरला हे ठरवता येत नाही. कारण बोटींची गर्दी वाढली की माशाचे वागणेही बदलते.

निर्बंध कशामुळे?

हा मासा समुद्रात वाढतो आणि वसंत ऋतूत अंडी घालण्यासाठी नद्यांमध्ये येतो. चेसापीक उपसागर हे त्याचे सर्वांत मोठे प्रजननक्षेत्र. १९८०च्या दशकात साठा ढासळल्यावर मेरिलँड राज्याने १९८५ ते १९९० या काळात मासेमारीवर पूर्ण बंदी घातली. त्यानंतर साठा सावरला. मात्र, २०१९च्या मूल्यांकनात तो पुन्हा धोक्याच्या मर्यादेखाली आढळला. तो २०२९पर्यंत पूर्ववत करण्याचे उद्दिष्ट आहे.

बोटींमुळे काय होते?

स्ट्राइप्ड बासचा थवा मेनहेडनसारख्या छोट्या माशांना पृष्ठभागाकडे रेटतो. पाण्यावर खळबळ दिसली की बोटी तिकडे धावतात. थव्यावरून बोट नेली की मासे खाली जातात, असा मासेमारांचा नेहमीचा अनुभव. इंजिनाचा कमी कंपनांचा आवाज माशांच्या श्रवणकक्षेत येतो. लार्जमाउथ बास या गोड्या पाण्यातील वेगळ्या कुळातील माशावर २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात वल्ह्याची होडी, विजेवरील मोटर आणि पेट्रोल इंजिन यांच्या आवाजाची तुलना झाली. हृदयावर सर्वाधिक ताण इंजिनाच्या आवाजाने आला.

मासे शिकतात का?

हो. नेदरलँड्समध्ये १९७०च्या सुमारास झालेल्या प्रयोगांत एकदा गळाला लागलेले कार्प मासे नंतर गळ टाळू लागले. पाइक मासे कृत्रिम आमिष टाळायला शिकले, पण जिवंत आमिषाला फसत राहिले.

मग आकडे कसे फसवतात?

दोन्ही बाजूंनी. मासे सावध झाले की साठा आहे त्यापेक्षा कमी वाटतो. उलट, उरलेले मासे खाद्याभोवती एकाच जागी गोळा झाले आणि सोनार व मोबाइलच्या मदतीने सगळ्या बोटी तिथे पोहोचल्या, तर साठा घटूनही भरपूर मासे मिळतात. इंजिनीअरिंगच्या भाषेत, मोजण्याचे साधनच मोजमाप बिघडवते.

म्हणूनच गळावर अवलंबून नसलेली मोजणी महत्त्वाची. मेरिलँडमध्ये १९५४पासून किनाऱ्यालगत जाळे ओढून त्या वर्षी जन्मलेली पिल्ले मोजली जातात. २०१९ ते २०२४ अशी सलग सहा वर्षे ही संख्या दीर्घकालीन सरासरीपेक्षा बरीच खाली राहिली. म्हणजे मासे सावध झाले असतीलही. पण नवी पिढी कमी आहे, हे त्यातून नाकारता येत नाही.

मासेमारांनी काय करायचे?

सागरी किनाऱ्यावर २०२३पासून २८ ते ३१ इंच लांबीचाच मासा ठेवता येतो. बाकीचे सोडावे लागतात. पण सोडलेल्या १०० माशांपैकी सुमारे ९ मरतात, असे व्यवस्थापनाचे गणित आहे. नैसर्गिक आमिष वापरताना टोक आत वळलेला गोल गळ सक्तीचा आहे. तो सहसा पोटात न अडकता जबड्याच्या कोपऱ्यात लागतो. थव्यावरून बोट न नेणे आणि पाणी फार तापले असताना गळ न टाकणे, हे मात्र ज्याच्या त्याच्या हातात आहे.