विश्लेषण : काय बोलले ते नाही, बोलले एवढंच शत्रूला पुरतं!

३१ डिसेंबर २०२२ ची रात्र. युक्रेनच्या पूर्वेला, रशियाच्या ताब्यातल्या माकीव्का शहरात नव्याने भरती झालेले रशियन सैनिक एका शाळेच्या इमारतीत उतरले होते. नवं वर्ष लागलं आणि काही मिनिटांतच युक्रेनची रॉकेट इमारतीवर पडली. ८९ सैनिक ठार झाल्याचं रशियाने मान्य केलं. युक्रेनने सांगितलेला आकडा याच्या कितीतरी पट होता. रशियाच्या संरक्षण खात्याचं म्हणणं, बंदी असतानाही सैनिकांनी मोबाईल वापरले, त्यावरून ठिकाण कळलं.

एवढी माणसं एकाच इमारतीत ठेवायचा निर्णय कुणाचा, असा सवाल रशियातूनच झाला. सवाल रास्तच आहे. पण मोबाईलचा धोका त्याने कमी होत नाही.

कुलूप आहे, पण घर दिसतंय

व्हॉट्सॲपचा मेसेज कुलूपबंद असतो, मधल्यामध्ये कुणाला वाचता येत नाही. पण फोन टॉवरशी बोलतोय, हे लपत नाही. खिशात नुसता चालू असला तरी तो अधूनमधून टॉवरला हजेरी देतो. लहरींची दिशा हेरणारी यंत्रं दोन-तीन जागांवरून रेषा काढतात. रेषा जिथे छेदतात, तिथे फोन. एका इमारतीत अचानक शेकडो फोन दिसले, तर मेसेज वाचायची गरजच काय? अंधाऱ्या रानात विडी पेटवली की लांबूनही ठिणगी दिसते, तसंच हे.

डीजेच्या आवाजात कुजबुज

म्हणून सैन्याला बोलणं नाही, तर बोलणं चालू आहे हेच लपवावं लागतं. पहिला उपाय, कमी ताकदीने आणि क्षणभरच बोलायचं. दुसरा, सारखी फ्रिक्वेन्सी बदलत राहायची. हॉलिवूडची नटी हेडी लमार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांना या युक्तीचं पेटंट अमेरिकेत १९४२ मध्येच मिळालं होतं.

तिसरा उपाय, सिग्नल इतका पसरवायचा की तो खरखरीत बुडून जाईल. आपल्या फोनमधलं जीपीएस याच तत्त्वावर चालतं. सुमारे २० हजार किलोमीटर वरून आलेला सिग्नल जमिनीवर पोचेपर्यंत भोवतालच्या खरखरीपेक्षाही क्षीण होतो. फोनला उपग्रहाचा कोड माहीत असतो, म्हणून तो सापडतो. जीपीएसचा हा कोड जगजाहीर आहे. लष्करी रेडिओत कोड गुप्त ठेवला, की शत्रूला नुसती खरखर ऐकू येते.

शत्रूकडे जॅमर असतो. पण सगळ्याच फ्रिक्वेन्सी दाबायला प्रचंड ताकद लागते, त्यात स्वतःचे रेडिओही बंद पडतात. शिवाय जॅमर स्वतःच मोठ्याने ओरडत असतो, त्यामुळे त्याचीही जागा कळते.

पुन्हा वायरीवर

यावर युद्धात निघालेला तोडगा जुनाच आहे, वायर! २०२४ पासून आधी रशियाने आणि मग युक्रेनने केसासारख्या बारीक फायबरला बांधलेले ड्रोन मोठ्या प्रमाणावर उडवले. ड्रोन उडतो तशी रिळातून तार सुटत जाते, दहा-वीस किलोमीटरपर्यंत. रेडिओ लहरच नाही, मग ऐकणार काय आणि जाम करणार काय? तोटे आहेतच. रिळाचं वजन वाढतं, तार झाडात अडकते, तुटते. लढाई झालेल्या भागात शेतंच्या शेतं या तारांच्या जाळ्याने भरली आहेत.

आपल्या गावाशी काय संबंध?

महाराष्ट्रात गावोगावची पोरं सैन्यात आहेत. २६ एप्रिल २०२५ रोजी केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने वाहिन्यांना लष्करी हालचाली थेट न दाखवण्याची सूचना दिली, ती याच कारणाने. पोरगा सीमेवर असताना त्याचा फोन चार दिवस लागला नाही, की घरच्यांचा जीव टांगणीला लागतो. पण तो बंद फोन कदाचित त्याची आणि सोबतच्यांची ढाल असतो. फोन आला तरी 'कुठे आहेस' हे विचारू नये आणि त्याने पाठवलेला फोटो गावच्या ग्रुपवर टाकू नये. एवढं घरच्यांच्या हातात नक्की आहे.