नुसती टेक्निशियन?

परवा एका लग्नात नातीच्या नोकरीचा विषय निघाला. ती परदेशात एका विद्यापीठात, जीवभौतिकीच्या प्रयोगशाळेत लॅब टेक्निशियन आहे. मी मात्र पटकन बोलून गेलो, "संशोधन करते." घरी आल्यावर मनाला लागून राहिलं. खरं सांगायची मला लाज का वाटावी?

मी बी.ए. झालेला, मराठीचा मास्तर. तिने फोनवर समजावलं तेवढं सांगतो. करोनाच्या एमआरएनए लशी आठवतात ना? आरएनए म्हणजे पेशीला धाडलेली चिठ्ठी, अमुक प्रथिन बनव म्हणून. पण चिठ्ठी भारी नाजूक. आपल्या बोटांवरच्या एन्झाइमनेसुद्धा तिचे तुकडे होतात. म्हणून तिला स्निग्ध पदार्थांच्या गोळीत गुंडाळायचं. गोळी केवढी? केसाच्या जाडीचा साधारण हजारावा भाग! २०१८ साली अमेरिकेत मान्यता मिळालेलं पॅटिसिरान हे आनुवंशिक आजारावरचं औषधही अशाच गोळीतून यकृतात पोचतं. तिथे ते उलट काम करतं, घातक प्रथिन बनणंच कमी करतं.

आमची नात या गोळ्या बनवते, त्यांच्यावर लेसर सोडून विखुरलेल्या प्रकाशावरून आकार मोजते, नमुने उणे ८० अंशांत ठेवते. एकदा आकार वाढलेला दिसला. गोळ्या एकमेकींना चिकटल्या होत्या. बघणारं कुणी नव्हतं. तरी तिने तीन आठवड्यांचं काम बाद ठरवलं आणि वरिष्ठांना सांगितलं. मला म्हणाली, "आजोबा, असं औषध उद्या कुणाच्या तरी शिरेत जायचं असतं."

एमआरएनएच्या संशोधनाला २०२३चं नोबेल मिळालं, कारिको आणि वाइसमन यांना. योग्यच झालं. पण अशा कामात मोजमापं करणाऱ्यांची नावं पुष्कळदा शोधनिबंधाच्या शेवटी आभारात जातात, कधी तिथेही नसतात. बाटल्या धुणारा प्रत्येक जण लेखक व्हावा असं मी म्हणत नाही. पण ज्याच्या आकड्यावर निष्कर्ष उभा आहे, त्याचं नाव लेखकांत हवंच, असं माझं मत.

दुसऱ्यांना कशाला बोलू? आमच्या शाळेतले प्रयोगशाळा परिचर प्रात्यक्षिकांची सगळी मांडामांड करायचे. निकाल चांगला लागला की सत्कार आम्हा शिक्षकांचा. त्यांना व्यासपीठावर बोलवावं, हे मला एकदाही सुचलं नाही.

असो. पुढच्या लग्नात कुणी विचारलं, तर "टेक्निशियन आहे" असंच सांगणार. आणि 'नुसती?' म्हणालं कुणी, तर त्या तीन आठवड्यांची गोष्टही सांगणार.