भिंती वाटू नका, नफा वाटा



अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यात, सांता फे शहराच्या उत्तरेला सुमारे 45 किलोमीटरवर चिमायो नावाचे गाव आहे. मुलाकडे गेलो असता मी हे गाव पाहायला गेलो, ते मागांसाठी. तेथील स्पॅनिश वंशाची काही घराणी सात-आठ पिढ्यांपासून पायाने चालणाऱ्या मागावर लोकरीची घोंगडी विणत आहेत. माग पाहिले, माल हाताळला. पण आज लिहायचे आहे ते तेथील एका जेवणाच्या हॉटेलाविषयी.

त्याचे नाव रांचो दे चिमायो. इमारत शंभर वर्षांहून जुनी आणि मातीची आहे. आर्तुरो व फ्लोरेन्स या पती-पत्नीने 1965 साली आर्तुरोच्या आजोबांच्या राहत्या घरात हे हॉटेल सुरू केले. घर पाडले नाही, विकलेही नाही. आजी-आजोबांच्या खोल्यांतच टेबले मांडली. 2008 साली तेथे आग लागली, पण दुरुस्ती करून पुढच्याच वर्षी हॉटेल पुन्हा उघडले. 2016 साली जेम्स बीअर्ड फाउंडेशनने त्याला देशातील मानाच्या जुन्या उपाहारगृहांत स्थान दिले. तेथील नामांकित पदार्थ डुकराच्या मांसाचा आहे, तेव्हा आपल्या लोकांनी विचारूनच मागवावे. मी चहा-कॉफीवर भागवले आणि भिंती पाहत बसलो.

या बांधकामाला अडोबी म्हणतात. माती, वाळू आणि पेंढा कालवून साच्यात विटा पाडायच्या व उन्हात वाळवायच्या. भट्टी लागत नाही. हा शब्द मूळचा आपल्या ओळखीचा, अरबीतला अत-तूब, म्हणजे वीट. मुसलमानांच्या राजवटीत तो स्पेनमध्ये रुजला आणि स्पॅनिश लोकांबरोबर अमेरिकेत गेला. तेथील शेताच्या पाटालाही असेकिया म्हणतात, तो अरबीतला अस-साकिया.

मातीचे घर फुकट टिकत नाही. पावसाने गिलावा झिजतो, तो पुन्हा लिंपावा लागतो. त्याच राज्यात रांचोस दे ताओस येथे मातीचे जुने चर्च आहे. कायमची कटकट मिटावी म्हणून 1967 साली त्याला सिमेंटचा गिलावा केला. आत ओल कोंडली आणि भिंती खराब होऊ लागल्या. 1979 साली सिमेंट काढून पुन्हा माती लावली. आता गावकरी दरवर्षी एकत्र येऊन ते लिंपतात. मतलब, ज्या घराची निगा राखली जाते तेच उभे राहते, आणि निगेला दरसाल पैसा लागतो. ज्या घरात धंदा चालतो, ते घर आपला खर्च आपणच काढते.

याचा उलटा पुरावा त्याच गावात आहे. चिमायोत प्लाझा देल सेरो नावाचा जुना चौक आहे. चारी बाजूंनी एकाला एक लागून मातीची घरे. त्यातील बऱ्याच खोल्या आज रिकाम्या व ढासळत्या आहेत. त्या मुलखात वारसांना घर खोली-खोलीने वाटून देण्याची रीत होती. कधी तर छताचे वासे मोजून, इतके वासे तुझे, इतके माझे. वाटा लहान झाला की त्यात राहता येत नाही, दुकान टाकता येत नाही, आणि दुसऱ्याच्या वाट्याची गळती कोणी काढत नाही.

हे ऐकताना माझी मान खाली गेली. वडिलांच्या पश्चात आम्ही भावांनी 1994 साली हेच केले. हातभर जाडीच्या भिंतींचे धाब्याचे घर पाडले आणि प्रत्येकाच्या वाट्याला एक गाळा आला. एका गाळ्यात ठाण ठेवले तर गिऱ्हाईक उभे राहायला जागा नाही. दोघांनी गाळे विकले, पैसा लग्नकार्यात गेला. ते घर अखंड असते तर पेढी, गोदाम आणि वर कारागिरांची बसण्याची जागा, सर्व एका छताखाली असते.

कोणी म्हणेल, विरासतीचे हिस्से तर शरीअतने ठरवले आहेत. बेशक. हिस्से द्यायचेच आहेत, बहिणींचे सर्वांत आधी. पण हिस्सा म्हणजे भिंतच असे नाही. जाणकाराकडून घराची बाजारभावाने किंमत करावी. ज्याला बाहेर पडायचे त्याला त्याची पूर्ण रक्कम द्यावी. राहतील त्यांनी हिश्शाप्रमाणे भागीदारीपत्र लिहून नोंदवावे. नफ्यातून दुरुस्तीचा पैसा आधी बाजूला काढावा आणि उरलेला वाटावा. तोंडी भागीदारीने भाऊ तुटतात, हे आपण सर्वांनी पाहिले आहे.

पाडलेले घर परत येत नाही. ज्यांचे अजून उभे आहे त्यांनी बिल्डरला बोलावण्याआधी भावा-बहिणींना एकत्र बसवावे. अल्लाह आपल्या रोजीत आणि नात्यात बरकत देवो. आमीन.